बाईचं अर्धं तिकीट

बाईला विमानानं मुंबईला न्यायचं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या घरात तोवर कोणी विमानतळाचं दारही पाहिलेलं नव्हतं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मला आयटीआयला तिनंच घातलं. चामोर्शीच्या पलीकडे, जंगल सुरू होतं तिथल्या एका गावात ती नर्स होती. उपकेंद्राच्या दोन खोल्या. एकीत दवाखाना, दुसरीत ती. लग्न दोन वर्षांत मोडलं होतं आणि त्याबद्दल ती कधी बोलत नसे. खांद्याला लसींचा डबा अडकवून पायवाटेनं पाड्यापाड्यांवर जायची. तिथल्या बायांशी गोंडीत बोलायची, तेही असं की बाया हसून हसून लोळायच्या. मी ऊर्जानगरला, नव्या वीज केंद्रात बॉयलरवर ऑपरेटर होतो. सुट्टीत ती आमच्या क्वार्टरवर यायची तेव्हा माझ्या बायकोसाठी हमखास मोहाची फुलं नाहीतर चारोळी आणायची.

छातीतली गाठ तिनं दीड वर्ष लपवली. गावोगावच्या बायांना ‘वेळेवर दाखवा’ असं सांगत फिरणारी माझी बहीण स्वतः मात्र कोणाला दाखवायला लाजली. तालुक्याचे सगळे डॉक्टर ओळखीचे. त्यांच्यापुढे कसं बसायचं, असं तिला वाटलं असावं. एकदा आमच्याकडे आली असताना तिला पाण्याची बादली उचलता येईना, तेव्हा माझ्या बायकोनं दार लावून घेतलं आणि तिला पोलकं काढायला लावलं. बायको बाहेर आली ती थेट मोरीत जाऊन तोंड धुवत राहिली. मला काही विचारावं लागलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार पाठीच्या मणक्यापर्यंत गेला आहे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, तिथं किरणांचा शेक देतील. पण नेणार कसं? तपासणीसाठी तिला गावाहून आणलं तेव्हाच मी पाहिलं होतं. मूल गावाच्या अलीकडे एसटी खड्ड्यात आपटली आणि बाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. नंतर तो पदर मी पाहिला. दातांनी फाटला होता. आता नागपूर ते मुंबई सोळा तासांची रेल्वे.

आमच्या सेक्शनचे साहेब एकदा विमानानं दिल्लीला जाऊन आले होते. त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, “अरे, या आजाराच्या पेशंटले विमानाचं तिकीट अर्ध्यात मिळते. हॉस्पिटलची चिठ्ठी पाहिजे फक्त.”

“अन् सोबतच्याले?”

“त्याले पूर्ण.”

पूर्ण तिकीट म्हणजे काय ते बुकिंगच्या खिडकीवर कळलं. मी तिथंच एका बाजूला उभा राहून बराच वेळ विचार केला. मग एकच तिकीट काढलं. बाईचं.

घरी येऊन सांगितलं, “बाई, तू विमानानं जा. मी आदल्या दिवशी गाडीनं निघतो. तू उतरशील तेव्हा मी दारात उभा असतो.”

“मी एकटी?”

“दीड तासाचं काम आहे. कळणार बी नाई.”

“पडलं तर एकटीच पडीन, चांगलं आहे,” म्हणाली आणि हसली. पण त्या दिवशी तिनं जेवण अर्धं टाकलं.

माझ्या बायकोनं तिला नागपूरच्या विमानतळावर पोहोचवलं. चाकांच्या खुर्चीतून नेलं, आणि विमानाच्या शिडीवर दोन माणसांनी तिला खुर्चीसकट उचललं. बायको जाळीपलीकडून पाहत होती. म्हणाली, बाईंनी दोन्ही हातांनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता. कोणी आपल्याला उचलतंय याची त्यांना लाज वाटत असणार.

इकडे मी सांताक्रूझला दुपारपासून उभा. विमान उतरल्याचं सांगितलं. माणसं येऊ लागली, सफारीवाले, अत्तराचा वास येणाऱ्या बाया, पेट्या. सगळे निघून गेले. दार रिकामं झालं. आणि मग सगळ्यांच्या शेवटी एक शिपाई खुर्ची ढकलत आला आणि खुर्चीत बाई, मांडीवर कागदी रुमालाचं पुडकं.

“हे घे. केक आहे, अन् पावात काहीतरी घातलेलं आहे. तू गाडीत काई खाल्लं नसशील.”

“तुले दिलं होतं ना खायले?”

“मी विचारून बांधून घेतलं. विमानातली ती पोरगी चांगली होती, हो म्हणाली.”

टॅक्सीत ती बोलतच राहिली. इतकं बोलताना मी तिला महिनोन्‌महिने ऐकलं नव्हतं. खाली ढग कसे दिसतात, कापूस पिंजून ठेवल्यासारखे. शेजारी एक शेठाणी होती, तिला उलट्या सुरू झाल्या. बाईनं तिचं मनगट दाबून धरलं, मान टेकवून दिली, लांब श्वास घ्यायला लावला. त्या शेठाणीनं नंतर विचारलं, तुम्ही मुंबईला कशाला चालल्या? “मी सांगतलं, भावाकडे जाऊन राह्यली. तिले काऊन सांगू माह्या बिमारीचं?”

तेव्हा मला वाटलं, आपण बरोबर केलं. पदर फाटला नाही. दीड तासात पोहोचली, वर हसतही होती.

मुंबईत आम्ही पाच आठवडे राहिलो. हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत एका खोलीत चार कुटुंबं, मध्ये साड्यांचे पडदे. शेकानं दुखणं थोडं कमी झालं. बाकी काही झालं नाही. एका सकाळी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, “घरी न्या. आता दुखणं कमी राहील एवढंच पाहायचं.”

मी आत आलो. काही बोलायच्या आधीच बाई म्हणाली, “राहू दे. असं तोंड करून मी वीस वर्षं लोकांना सांगत आली. मले समजते.”

परतीचं तिकीटही तसंच अर्ध्यात मिळणार होतं. पण या वेळी ती ऐकेना.

“भाऊ, आता गाडीनंच जाऊ ना.”

“सोळा तास, बाई. तुले बसवते तरी काय?”

“बसाचं कशाले? मी खालच्या बाकावर झोपून राहीन. तू समोर बस. बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काईही. तुह्या बॉयलरचं सांग. लहानपणी कसा सांगत होता, शाळेतून आला का पायरीवरूनच सुरू.”

“घरी जाऊन बोलू ना.”

“घरी तुही ड्यूटी राह्यते.”

मी तिला एसटीची आठवण करून दिली, पदराची करून दिली. मी बरोबर बोलत होतो, आणि ते तिलाही कळत होतं. शेवटी म्हणाली, “बरं. तू म्हणशील तसं.”

सकाळचं विमान होतं. तिच्या हातात ओझं नको म्हणून मी कापडी पिशवीही पेटीत घातली आणि पेटी काउंटरवर देऊन टाकली. खुर्ची आत गेली. तिनं मागे वळून हात केला. मणक्यामुळे तिला नीट वळता येत नव्हतं, तरी वळली. मी दादरला जाऊन गाडी पकडली. अख्ख्या वाटेत मला वाटत राहिलं, आता बाई नागपूरला उतरली असेल, आता माझ्या बायकोनं तिला भाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर गादी घालून निजवलं असेल. इगतपुरीला मी वडा खाल्ला. भुसावळला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्वार्टरवर पोहोचलो तर बायकोनं दार अर्धंच उघडलं. “हळू बोला. आम्ही पहाटे आलो.”

विमान सकाळी निघालंच नव्हतं. का, ते कोणी सांगितलं नाही. थोड्या वेळानं, थोड्या वेळानं, असं करत दिवस गेला. बाई सांताक्रूझला त्या खुर्चीत बसून होती. आडवं व्हायला जागा नव्हती. इकडे माझी बायको नागपूरला बसून, आणि तिलाही दर वेळी एकच उत्तर, ‘लेट आहे.’ अंधार पडल्यावर केव्हातरी ते उडालं.

संध्याकाळी मी पेटी उघडली. कापडी पिशवीत दुखण्याच्या गोळ्या होत्या. मी मुंबईत घेतलेली पट्टी, एकही न फोडलेली.

मी ती पट्टी हातात घेऊन तिच्या खाटेजवळ बसलो.

“तू मागितली नाई काय, बाई?”

“मागितली. पेटी आता निघत नाई म्हणाले.”

“मग दुखते म्हणून सांगाचं ना! ओरडाचं!”

“अन् त्यांनी म्हटलं असतं, इतकं दुखते तर विमानात घेत नाई, मग? मी कुठी गेली असती? तू तर गाडीत.”

तिनंच माझ्या हातातली पट्टी घेतली, एक गोळी फोडली आणि पाणी मागितलं. “जाऊ दे,” म्हणाली. “तू चांगल्यासाठीच केलं होतं.”

त्यानंतर ती अडीच महिने होती. पहिला महिना आमच्याकडे काढला. मग आपल्या गावी जायचा हट्ट धरला, आणि तेव्हा मी वाद घातला नाही. साहेबांनी जीप दिली. ड्रायव्हर बैलगाडीच्या वेगानं चालवत होता आणि मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. पण गोळ्यांमुळे ती सगळी वाट झोपली होती. मी आठवड्याच्या सुट्टीला जायचो, एक रात्र राहून ड्यूटीसाठी परत. बायको मात्र तिथंच राहिली. एका मंगळवारी पहिल्या पाळीत असताना निरोप आला.

बुद्धवंदना झाली, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी मी उपकेंद्राच्या ओट्यावर बसलो होतो. आतल्या खोलीतलं सामान बांधायचं होतं आणि मला उठवत नव्हतं. तेवढ्यात जंगलाच्या वाटेनं पाच-सहा बाया आल्या, लांबच्या पाड्यावरच्या. त्यांना निरोप उशिरा मिळाला होता आणि सकाळपासून चालत आल्या होत्या. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. कोणी रडलं नाही. एकीनं पानांच्या द्रोणात थोडी चारोळी आणली होती, ती ओट्यावर ठेवली.

त्यातली एक म्हातारी थोडी मराठी बोलायची. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “तूच भाऊ काय? विमानवाला?”

“हो,” म्हटलं.

“बाईनं सांगतलं आमाले. खाटेवर पडून सांगे. ढग सांगे, कापसावानी. लय हसे.” मग तिनं आपले दोन तळहात एकमेकांशेजारी धरून दाखवले. “म्हणे, इथी मी बसली, इथी माहा भाऊ बसला. सारा रस्ता बोलतच आला म्हणे तू.”

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. त्यांनाही ते माहीत होतं. म्हातारी माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

“हो,” मी म्हणालो. “लय बोललो.”