दाजींच्या नावापुढचं बी.ए.

माझ्या मुलीच्या लग्नासाठी मी वही केली होती. हॉल, आचारी, मानपान, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय, प्रत्येकाला वेगळं पान. काम झालं की हिरव्या पेनाने खूण. लग्नपत्रिकेच्या पानावर खूण झाली तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

मुलाकडची पत्रिका आधी आली होती. तिच्यात एकही नाव मोकळं नव्हतं. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी एम.एस्सी. मुलाचे वडील निवृत्त प्राचार्य. मी आमची नावं लिहायला बसले. माझ्यापुढे एम.कॉम., बी.एड. आलं, दिरांपुढे बी.ई. आलं, भावजयीपुढेही काहीतरी आलं. स्वागतोत्सुकांच्या आठ नावांत सात नावांना पदवी होती. आठवं नाव दाजींचं, म्हणजे कोडोलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. शेती, सहा म्हशी आणि दहावी नापास.

मी त्यांच्या नावापुढे बी.ए. लिहिलं. फार विचार केला नाही. रांग नीट दिसत होती एवढंच मनात आलं.

कोडोलीच्या पत्रिका दाजी वाटणार होते. आठवड्याने, कुणाकुणाला पोचल्या ते वहीत टिपायला मी गेले. दाजी घराच्या पुढच्या सोप्यात पत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. हातात पट्टी आणि काळं पेन. एकेक पत्रिका उघडत होते, एक बारीक रेघ मारत होते आणि मिटून बाजूला ठेवत होते.

"काय करताय दाजी?"

"छापताना चुकलंय, मॅडम. दुरुस्त करतोय."

"चुकलं नाही. मीच घातलंय. तिकडचे सगळे शिकलेले, म्हटलं..."

"माझ्यासंगट दहावीला बसलेली निम्मी माणसं ह्याच गावात हायती. माझा गणिताचा पेपर कसा गेलता ते त्यास्नी पाठ हाय. म्हणतील, म्हातारपणी कॉलेजात गेलतास व्हय?"

आतून ताई म्हणाली, "जाऊ द्यात की, कॉलेजात तरी न्हाऊन-बिऊन जातील."

आम्ही तिघंही हसलो. मग दाजींनी पुढची पत्रिका उघडली आणि मान वर न करता विचारलं, "नुसतं नाव बरं दिसत न्हवतं काय?"

विषय बदलायला मी वहीतलं जेवणाचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते एकदाच वाचलं.

"लग्न गोरज मुहूर्ताचं. म्हंजे जेवणं आठला. तुमच्या शेजारची जैन मंडळी दिवस मावळायच्या आत जेवत्यात. त्यांची पंगत कुठं हाय ह्यात?"

कुठेच नव्हती. अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. त्यांच्या घरी संध्याकाळी लवकर ताटं होतात, हे मी रोज ऐकत होते.

"साडेपाचला बसवू," दाजी म्हणाले. "कांदा-बटाटा वेगळा ठेवाय सांगा आचाऱ्याला. ती पंगत मी बघतो."

घरी माझ्याकडे चाळीसेक पत्रिका उरल्या होत्या. त्यांवर मी रेघ मारली नाही. मुलाकडे द्यायच्या पत्रिका तर आधीच गेल्यात, आता काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे रेघ मारलेली पत्रिका माझ्या शाळेत द्यायची मला लाज वाटली.

लग्नाच्या दिवशी साडेपाचला पंगत बसली. दाजी स्वतः वाढत होते. प्राचार्य व्याही माझ्या शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना ते आवडलं. असं कुणाच्या लक्षात राहत नाही हो, म्हणाले. दाजी आमटीची बादली घेऊन जवळून गेले तेव्हा त्यांनी थांबवलं.

"पत्रिकेत वाचलं मी. बी.ए. कुठून केलंत आपण? विषय कोणता होता?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मी वही छातीशी धरून उभी होते.

"न्हाय पावणं, मी दहावी नापास. पत्रिका छापाय मीच टाकली हुती. नजरचूक झाली माझी."

"असं होय," व्याही म्हणाले आणि हसले. ते हसणं वाईट नव्हतं, पण त्यानंतर त्यांनी दाजींना काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून मी कुठल्या कॉलेजात शिकले ते विचारू लागले.

पत्रिका मी छापून घेतली होती. एवढंच वाक्य बोलायचं होतं. वर्गात साठ मुलांपुढे मी दिवसभर बोलते. गावभर खोटं नको म्हणून पट्टी घेऊन बसलेला माणूस माझ्यासाठी सगळ्यांदेखत खोटं बोलला होता, आणि मी व्याह्यांना माझ्या कॉलेजचं नाव सांगत होते.

दाजी परत आले ते रिकामी बादली घेऊन.

"मॅडम, दुसरी पंगत बसवू काय?"

मी वहीत बघितलं आणि मान हलवली.