पुलावरची चावलेली पट्टी

गल्लीत त्यांना सगळे बत्तीशीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा पाठवत, हे त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढत आणि त्यावर मेणात एकेक दात मांडत. लॅबच्या फळीवर असे पांढरे जबडे ओळीने ठेवलेले असत. नवीन माणूस आत आला की दचके, पण बत्तीशीवाल्यांना त्यांची सवय होती. रस्त्यात कोणी भेटलं की ते आधी त्याचे दात ओळखत, मग माणूस.

आणि घरी आले की हा गृहस्थ चक्क खेळत बसे. याला दुसरा शब्द नाही, उगाच 'छंद' वगैरे म्हणून झाकायला नको. घराच्या मागच्या खोलीत एक मोठं टेबल होतं आणि त्यावर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं अख्खं राज्य उभं होतं. काळा किल्ला, त्याच्यासमोर साखळीवर उचलला जाणारा पूल, चेटकिणीचा वाकडा मनोरा, ड्रॅगनांची गुहा, आणि सगळीकडे बोटाच्या पेराएवढी माणसं. दुकानातून आणलेला संच चित्रात दाखवल्याप्रमाणे लावायचा, हे त्यांना कमीपणाचं वाटे. ते सरदाराचं डोकं काढून चेटक्याच्या धडावर बसवत, कवळीच्या गुलाबी मसाल्यातून शिंगं आणि ढाली घडवत, मेण कोरायच्या सुरीने इवल्याशा दाढ्या काढत. हिरव्या ड्रॅगनच्या जबड्यात तर त्यांनी कवळीचे खरे सुळे बसवले होते. त्यामुळे तो बिचारा अक्राळविक्राळ न दिसता एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखा दिसे.

एका गोष्टीत मात्र ते भलतेच कडक होते. ठोकळ्यावर ओरखडा दिसला की त्यांचे हात शिवशिवत. कवळीची खडबडीत कड जिभेला लागू नये म्हणून आयुष्यभर घासणारा माणूस तो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा, डाग जाईपर्यंत घासायचं, मग चिमूटभर टूथपेस्ट लावून चमकवायचं. गप्पा मारतानाही त्यांचा अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू फिरत असे, जणू मधे काहीतरी आहेच.

आणि नेमकी त्यांच्याच पोटी आली खारूताई. मुलीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं, घरात ती खारूताईच, कारण हाताला लागेल ते ती कुरतडे. पेन्सिल, फ्रॉकची कॉलर, चष्म्याची दांडी. दोन चपट्या पट्ट्या एकमेकींत घट्ट बसल्या की त्या सोडवायला छोटं अवजार मिळतं, बापाने तिला ते दिलंही होतं. पण ती ते बाजूला ठेवून पट्टी दातांत धरी आणि कट्‌ करून उचकटे. पट्टीवर दातांची खूण उमटे. तिचा वरचा डावा पुढचा दात जरा तिरका होता, शेजाऱ्याच्या अंगावर रेलल्यासारखा, त्यामुळे तिची खूण लाखांत ओळखू आली असती. बत्तीशीवाले रागावत, अगं दात आहेत का पक्कड, म्हणत, आणि ती झोपली की खूण घासून टाकत. दुसऱ्या दिवशी ती नवीन खूण करी. बापलेकीचं हे असं चाललेलं होतं.

तो तिरका दात सरळ करायला प्लेट बसवायचं ठरलं. बत्तीशीवाल्यांनी स्वतः तिच्या वरच्या-खालच्या जबड्यांचा साचा काढला, प्लेट करायला घेतली आणि ती तशीच राहिली. खारूताई एका तापात गेली. आठवडाभराचा ताप, त्यात काय एवढं, असं सगळेच म्हणाले होते.

त्यानंतर लोक भेटायला यायचे थांबले आणि बत्तीशीवाल्यांना हातांचं काय करावं ते कळेना. नजर जाईल तिथे ती होती, आणि हात मात्र रिकामे. मग त्यांनी राज्य मोडायला घेतलं. एकेक ठोकळा सुटा केला, धुतला, घासला, चमकवला आणि परत लावला. किल्ला, मनोरा, गुहा, सगळं. बायको दारात उभी राहून बघत असे आणि निघून जात असे. पूल परत लावताना त्यांच्या लक्षात आलं की कडेची एक तपकिरी पट्टी कमी आहे. इकडेतिकडे शोधून त्यांनी दुसरी घातली. राज्य नव्यासारखं झळकायला लागलं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ते खाली फरशीवर बसले. घरात तिच्या दाताची एकही खूण उरलेली नव्हती. शेवटची कुठली होती आणि ती कधी घासली, हेही त्यांना आठवेना.

साचा होता. तो त्यांनी लॅबच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवला होता, बायकोलाही दाखवला नव्हता, तिला सोसणार नाही म्हणून. पण साच्यातले दात त्यांच्या सांगण्यावरून 'आ' करून बसलेल्या मुलीचे होते. त्यांना हवी होती ती त्यांचं न ऐकता केलेली खूण.

लोकांना वाटे, बत्तीशीवाल्यांचा खेळ वाढतच चाललाय. ते जुन्या ठोकळ्यांची खोकी घ्यायला लागले होते, कुठल्याकुठल्या घरांतून, कोणाची मुलं मोठी झाली की. खारूताई शाळेत मैत्रिणींशी ठोकळ्यांची अदलाबदल करायची, तेवढीच आशा. प्रत्येक पट्टी भिंगाखाली धरायची. कितीतरी मुलांचे दात त्यांनी पाहिले, पडके, फटींचे, पुढे आलेले. तिरका डावा कुठेच नव्हता. मग ते ठोकळे घासून राज्याला लावायचे. किल्ल्यामागे नगर उठलं, नगरामागे बंदर. मधोमध ड्रॅगनवर एक मुलगी बसवलेली होती. सगळ्यांचे चेहरे रंगवणाऱ्या या माणसाने तिचा चेहरा मात्र कोरा ठेवला होता. ती कायम वेशीकडे तोंड करून असे.

बायको त्या खोलीत पाय ठेवत नसे. ती पुढच्या खोलीत मशीनवर लोकांचे कपडे उसवून मापाचे करून देई. तुमचं ते दुकान तुम्हालाच लखलाभ, इतकंच म्हणे. दोघांत भांडण नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं.

एके दुपारी लॅबची वीज गेली आणि बत्तीशीवाले अवेळी घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं, मशीनवर एक पॅन्ट अर्धी उसवून पडली होती, बायको शेजारणीशी जिन्यात बोलत होती. ते सहज मागच्या खोलीत गेले. पुलावर ऊन पडलं होतं. कडेच्या पट्टीवर दातांची खूण होती.

त्यांना भिंग घ्यायचंही सुचलं नाही, गरजही नव्हती. वरचे चार दात, त्यातला डावा तिरका. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग चप्पल पायात कशीबशी सरकवून ते बायकोच्या अंगावरून जिना उतरून धावत सुटले ते थेट लॅबमध्ये. खणातून साचा काढला, फडक्यासकट खिशात घातला आणि धापा टाकत परत आले. साचा पट्टीला लावून बघायचा होता.

पट्टी गुळगुळीत होती. टूथपेस्टने घासल्यासारखी स्वच्छ. बायको मशीनवर बसून दोरा तोडत होती. काय झालं एवढं घाम यायला, तिने विचारलं. काही नाही, उकडतंय, ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कामात चुका व्हायला लागल्या, एका म्हाताऱ्याच्या कवळीत दाढ उलटी बसली. संध्याकाळी खोलीत शिरताना अंगावर काटा येई, आणि तरी कधी एकदा शिरतो असं होई. ड्रॅगनवरच्या मुलीला ते रोज वेशीकडे तोंड करून ठेवत. दुसऱ्या दिवशी ती खिडकीकडे वळलेली असे. एकदा, दोनदा, मग नेहमीच. ते भीत होते, पण ती यायची थांबेल याची भीती त्याहून मोठी होती.

म्हणून त्यांनी तिच्यासाठी आमिष ठेवलं. दोन पट्ट्या एकमेकींत अगदी घट्ट दाबून पुलाजवळ टाकल्या. संध्याकाळी येऊन बघतात तर त्या सुट्या झालेल्या. त्यांनी त्या भिंगाखाली धरल्या. दातांची खूण नव्हती. कडेला एक बारीक चरा होता, सुईचा असावा तसा. बत्तीशीवाले त्या चऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. खारूताईने जन्मात कधी सुई वापरली नव्हती. मग इतके दिवस खोलीत येतंय कोण, या विचाराने ते पहिल्यांदाच खरे घाबरले.

दुसऱ्या दिवशी वीज होती, काम होतं, तरी ते दुपारी निघाले. जिना चढताना चपला हातात घेतल्या. मशीन बंद होतं. मागच्या खोलीचं दार थोडं उघडं होतं आणि आतून अगदी लहान आवाज आला, दातांवर प्लास्टिक टेकल्याचा. कट्‌.

त्यांनी चपला खाली ठेवल्या. मग त्यांनी दार ढकललं.

बायको टेबलापाशी स्टुलावर बसली होती. टाचण्या धरते तशी तिने एक तपकिरी पट्टी दातांत धरली होती, खूण होती त्याच जागी, अलगद. पुलाची कड रिकामी होती आणि त्यांची गुळगुळीत पट्टी बाजूला काढून ठेवलेली होती. त्यांना पाहताच तिने दातांतली पट्टी मुठीत घेतली आणि मूठ छातीशी धरली. इतक्या वर्षांत त्यांनी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"ही तेव्हाची?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही किल्ला घासत होतात तेव्हा मी पुलाची काढून घेतली. तुम्ही तिथवर पोचायच्या आत."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही घासून टाकली असती."

नाही, असं कसं होईल, असं ते म्हणणार होते. पण बायको त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती, ती हाताकडे बघत होती. त्यांनीही खाली पाहिलं. अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता. तो थांबवायला त्यांना दुसऱ्या हाताने धरावा लागला, आणि मग इतक्या वर्षांचं सगळं रडू त्यांना एकदम आलं.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातलं फडकं काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवसापासून ते खिशातच होतं. बायकोने घडी उलगडली. आत काय आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिने साच्यातल्या त्या तिरक्या दातावरून बोट फिरवलं, तुम्ही मला हे दाखवलं नाहीत, असं काही म्हणाली नाही. फक्त मूठ उघडली आणि पट्टी दोन्ही जबड्यांमधे धरली. जराशी तिरकी केली. पट्टी दातांत बरोबर बसली.

"तू लाव पुलाला," बत्तीशीवाले म्हणाले. ते खाली फरशीवर बसले आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. बायकोने पट्टी कडेला बसवली. पूल पुरा झाला.

दोघं तशीच बसून राहिली. रोज दुपारी ती येत असे, पट्टी बदलून थोडा वेळ बसत असे आणि ते यायच्या आत परत बदलत असे, हे तिने सांगितलं. त्या दिवशी शेजारणीने हाक मारली म्हणून घोटाळा झाला. घट्ट बसलेल्या पट्ट्या दिसल्या म्हणून उसवायच्या सुईने सोडवल्या, सवयच आहे. बत्तीशीवाले ऐकत होते. एकेक गोष्टीचा उलगडा होत होता आणि त्यांना हलकं वाटत होतं, थोडं वाईटही वाटत होतं. म्हणजे ती आलीच नव्हती.

"आणि त्या ड्रॅगनवरच्या पोरीला खिडकीकडे तोंड करून ठेवतेस ते?" त्यांनी विचारलं.

बायकोने मान वर केली.

"मला वाटलं, ते तुम्ही ठेवता."

कोऱ्या चेहऱ्याची मुलगी खिडकीकडे बघत होती. बायको उठून त्यांच्या शेजारी फरशीवर येऊन बसली आणि तिनेही हात मांडीखाली घेतले.