गिरिजाबाईंच्या धुतलेल्या पिशव्या

गिरिजा साळवी आमच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हा भाईंदर पूर्वेला इमारतींच्या मागे अजून मोकळी जमीन दिसायची. नवरा बाबाजी परळला एका छापखान्यात कामाला, मुलगा गणेश शाळेत. लालबागच्या चाळीतली एक खोली सोडून आलेल्या या बाईला स्वतःच्या गॅलरीचं इतकं अप्रूप, की त्या ती रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या.

कुठलीही वस्तू सहज टाकायची नाही, हा त्यांचा मूळचा स्वभाव. तेलाचा प्लास्टिकचा डबा रिकामा झाला की वरचा भाग कापून त्यात कोथिंबीर पेरायच्या. दुधाच्या पिशव्या चिरून, धुऊन, शिलाई मशीनवर जोडून त्यांनी गॅलरीला पावसाळी पडदा केला होता. गणेशच्या जुन्या पँटींच्या पिशव्या शिवून आम्हा शेजारणींना वाटल्या. आम्ही त्या कौतुकानं घेतल्या, दाराआड खिळ्याला टांगल्या आणि बाजारातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्यात कोंबून ठेवायला लागलो.

गिरिजाबाईंच्या या सवयीचा ध्यास झाला तो फिलोमिनामुळे. ती उत्तनहून मासळी घेऊन यायची आणि त्यांच्या दारात टोपली उतरवायची. एकदा टोपलीत जेमतेम मूठभर बोंबील होते. गिरिजाबाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, "जाल्यात मासली न्हाय बाय, पिशव्याच हाय." भाऊ होडी घेऊन जातो, जाळं जड लागतं म्हणून खूश होऊन ओढतो, आणि वर येतात त्या चिखलानं भरलेल्या पिशव्या, असं तिनं बसल्या बसल्या सांगितलं. आमच्या भागातला कचरा खाडीच्या कडेला टाकतात हे गिरिजाबाईंना ठाऊक होतं. पण तो तिथून पुढे जातो, हे मनात आलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आपल्या घरातली एकही पिशवी तिकडे जाऊ द्यायची नाही.

वाईट एवढंच, की नेमक्या त्याच वर्षांत त्या पातळ, रंगीत पिशव्यांचा सुकाळ झाला. केबिन रोडच्या बाजारात दोन लिंबं घेतली तरी पिशवी. गिरिजाबाई कापडी पिशवी घेऊन जायच्या, पण बाबाजी स्टेशनवरून येताना भाजी आणायचे ती पिशवीतून, गणेश वडापाव आणायचा तो पिशवीतून. पाहुणे केळी आणत, तीही पिशवीतून. बाबाजींना सांगून पाहिलं. ते म्हणाले, दिवसभर उभं राहून येतो, तेव्हा हातात जे देतील ते घेतो.

मग गिरिजाबाई पिशव्या धुवायला लागल्या. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं, तेही थोडा वेळ. म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवायचं, त्यात पिशव्या खळबळून दोरीवर वाळत घालायच्या. वाळल्या की भाजीवाल्याला परत नेऊन द्यायच्या. त्यानं काही दिवस घेतल्या. मग एकदा जुडगा त्यांच्याच हातात ठेवून म्हणाला, "माताजी, पुरानी थैली में ग्राहक नहीं लेता. बगलवाले के पास चला जाता है." तो वाईट बोलला नव्हता. त्याचंही खरंच होतं. भंगारवाला डबे आणि दुधाच्या पिशव्या घ्यायचा, या पातळ पिशव्यांकडे बघायचाही नाही.

तेव्हापासून पिशव्या पलंगाखाली जमू लागल्या. एक गोणी भरली, दुसरी भरली, पुढे माळाही भरला. गणेशचं लग्न होऊन संध्या घरात आली, तेव्हा तिच्या कपड्यांची बॅग ठेवायला जागा करताना घरात पहिल्यांदा कुरबूर झाली. संध्या समंजस मुलगी, सासूला उलट बोलली नाही.

पुढे संध्याला दिवस गेले. त्याच सुमारास गिरिजाबाईंची बहीण चिपळूणजवळ गावी अंथरुणाला खिळली आणि त्या तिच्या सेवेला गेल्या. परत आल्या, तर घराला नवा रंग होता. पलंगाखाली स्वच्छ फरशी दिसत होती, माळ्यावर उसना आणलेला पाळणा होता. गोण्या कचरेवाल्यांना दिल्याचं संध्यानं आपणहून सांगितलं.

गिरिजाबाई चहाही न घेता निघाल्या. खाडीच्या कडेला कचरा पडायचा तिथे पोचल्या. गोण्या कुणीतरी कामाला नेल्या असाव्यात. पिशव्या मात्र पसरलेल्या होत्या, निळ्या, गुलाबी, पांढऱ्या, पार पाण्यापर्यंत. आपल्या कुठल्या आणि लोकांच्या कुठल्या, त्यांना ओळखता येईना. तरी वाकून वाकून त्या उचलायला लागल्या. भरतीचं पाणी चढत होतं. पदर भरला तेव्हा सरळ उभ्या राहिल्या, आणि हे घेऊन जायचं कुठे, हे त्यांना कळेना.

संध्या त्यांच्या मागून रिक्षा करून आली होती. त्या अवघडलेल्या अवस्थेत चिखलात उतरून तिनं सासूचा हात धरला.

"आई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पण विचारलं असतं, तर कुठे टाक म्हणाला असतात?"

गिरिजाबाईंनी पदरातल्या पिशव्या तिथेच सोडल्या आणि दोघी रिक्षात बसल्या.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं, ते संध्याला दोष द्यायला नव्हे. "तिचं काही चुकलं नाही हो," असं त्या दोनदा म्हणाल्या.

नातू झाला. त्याच्या दुपट्यांनी दोरी भरली. गिरिजाबाई बाजारात कापडी पिशवीच नेत राहिल्या, आणि घरात येणाऱ्या पिशव्यांपैकी लागतील तेवढ्या ठेवत राहिल्या. उरलेल्या आता त्या स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. टाकण्याआधी प्रत्येकीला घट्ट गाठ मारायच्या. एकदा मी विचारलं, गाठ कशाला? "उडून जाऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या, आणि डबा दाराबाहेर ठेवून आत गेल्या.