आल्बमचा पहिला कप्पा

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या आणि मागोमाग लग्नाचा आल्बम हातात देण्याची पद्धत होती. पाहुण्याला बघायचा असो वा नसो. माझ्या आत्याच्या लग्नानंतर वर्षभर तिचा आल्बम आमच्या ओटीवर असाच फिरत राहिला. किन्हवलीच्या बाजारातून दमून आलेल्या माणसालासुद्धा आई तो उघडून दाखवायची. "ही आमची नणंद, मुरबाडकडं दिलीय."

दीड वर्षाने आत्या पत्र्याची पेटी घेऊन परत आली. नवऱ्याने कल्याणच्या बाजूला दुसरी बाई आणली होती. त्या दिवसापासून आल्बम ओटीवर दिसेना. मीच एकदा विचारलं, तर वडील म्हणाले, "काय करायचेत ते फोटो? चुलीत घाला!" ते रागाने म्हणाले होते. मी मात्र सहावीतला पोरगा, मला ते शब्दशः पटलं. मोडलेल्या लग्नाचे फोटो आता कोण बघणार, असा सरळ हिशेब मी केला.

हिशेबाला कारण होतं. त्या काळात चघळायच्या गोळीच्या पाकिटात क्रिकेटवाल्याचं कार्ड मिळायचं. वर खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा आणि बळी. एस.टी. स्टँडवरच्या दुकानात मी ती पाकिटं घ्यायचो, गोळी दोस्तांना वाटायचो आणि कार्ड ठेवायचो. माझ्याकडे बऱ्यापैकी साठली होती, पण ती रबर लावून दप्तरात राहायची आणि त्यांचे कोपरे झिजायचे. धाकट्या भावाने तर एक चक्क चावून ठेवलं होतं. मला ती दिसतील अशी ठेवायची होती. एकेक कप्प्यात, पारदर्शक प्लास्टिकच्या मागे, पान उलटलं की पुढची. तसे कप्पे साऱ्या घरात एकाच ठिकाणी होते.

आत्या भातलावणीला गेली असताना मी तिची पेटी उघडली. कुलूप नव्हतंच. तळाशी हिरव्या खणात गुंडाळलेला आल्बम होता. मी एकेक फोटो ओढून काढला. काही चिकटून बसले होते, ते नखाने सोडवले. फोटो साडीच्या दुकानाच्या पिशवीत भरले आणि पिशवी माळ्यावर, कौलांच्या अगदी खाली सरकवून दिली. मग हात साबणाने स्वच्छ धुतले आणि कार्डं भरायला बसलो. फोटो काढताना हात धुवायचं मला सुचलं नव्हतं.

काम मी फार मन लावून केलं, हेही सांगितलं पाहिजे. कार्ड सहज सरकावं म्हणून कप्प्यात चिमूटभर पावडर टाकली. कप्पे फोटोच्या मापाचे, कार्डं लहान, म्हणून एकेकात दोन-दोन शेजारी बसवली. आधी आपले फलंदाज, मग गोलंदाज, मग परदेशी. पहिल्या कप्प्यात मात्र एकच, बॅट उंचावलेला माझा सर्वांत लाडका. एकटं कार्ड कप्प्यात घसरायचं. त्याच्यामागे काहीतरी जाड घालून मी ते घट्ट बसवलं आणि तो प्रश्न तिथेच विसरून गेलो.

भरलेला आल्बम पुन्हा हिरव्या खणात गुंडाळून आत्याच्याच पेटीत ठेवला. घरात तीच जागा कोरडी होती आणि डांबरगोळ्यांमुळे तिथे कसर लागत नव्हती. अधूनमधून आत्या घरी नसताना मी तो काढायचो आणि शाळेच्या व्हरांड्यात मिरवायचो. "लांबनं बघायचं. हात नाय लावायचा." पोरं मागे हात बांधून बघायची. आत्या पेटी उघडायची तेव्हा तिला खणाचं गाठोडं दिसायचं. ते सोडून बघावंसं तिला कधी वाटलं नसावं. का वाटलं नसावं, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

मी आठवीत गेलो तेव्हा आत्याने पोटगीसाठी दावा लावायचं ठरवलं. नवरा म्हणत होता, लग्न झालंच नाही, नुसती बोलणी झाली आणि मोडली. शहापूरच्या वकिलाने पहिल्याच भेटीत वडिलांना सांगितलं होतं, "साक्षीदार सगळे तुमच्या गावचे, ते तुमच्यासारखंच बोलणार. पत्रिका कोणीही छापतो. मुलगा गळ्यात हार घालतोय असा फोटो आणा, मग बघू तो काय बोलतो."

आत्या म्हणाली, "आल्बम हाय की माझ्याकडं."

तिने दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली, आल्बमचं गाठोडं तसंच पिशवीत घातलं आणि कागद वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं. वडील कामावर गेले होते. एस.टी.त ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. वाटेतलं सापगाव जाईपर्यंत ती बरंच बोलली. तिला असं बोलताना मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. "एकदा फोटो बघितला ना वकिलानं, मग कोन म्हनंल लगीन झालं नाय?" मी हो हो म्हणत होतो. आत्ता सांगतो, पुढच्या थांब्याला सांगतो, असं करत करत शहापूर आलं. सांगायला तासभर मिळाला होता.

वकिलाच्या खोलीत बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. आत्याने टेबलावर खण सोडला आणि आल्बम वकिलापुढे सरकवला. त्याने पहिलं पान उघडलं. बॅट उंचावलेला खेळाडू. दुसरं पान. तिसरं. त्याने आल्बम शेजारच्या कारकुनाकडे दिला. कारकून जिभेला बोट लावून पानं उलटू लागला आणि म्हणाला, "बाई, यातले तुमचे मालक कोणते?"

बाकावरची माणसं हसली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला आत्याचं काही वाटलं नाही. कारकुनाचं ओलं बोट माझ्या गोलंदाजांवर फिरत होतं आणि डाग पडेल म्हणून माझा जीव वरखाली होत होता. तिचा विचार नंतर आला. आधी कार्डांचा आला. मला माझी जी काही लाज वाटते, ती बहुतेक या एवढ्याशा आधी-नंतरची वाटते.

आत्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग आल्बम ओढून घेतला, नीट खणात बांधला आणि वकिलाला म्हणाली, "घाईत पोराचा आला. माझा घरी हाय."

स्टँडवर तिने मला वडापाव घेऊन दिला. स्वतः नाही खाल्ला. माझा खाऊन झाल्यावर विचारलं, "माझं फोटो कुटं हायेत रे?"

"माळ्यावर."

घरी आल्यावर साडीही न बदलता ती शिडी लावून माळ्यावर चढली. दोन पावसाळे कौलांतून गळलेलं पाणी पिशवीत जिरलं होतं. फोटोंची एकच वीट झाली होती. तिने परातीत पाणी घेतलं, वीट त्यात ठेवली आणि चुलीपुढे बसून एकेक फोटो सोडवू लागली. सुटत होता तो नुसता कागद. रंग पाण्यात उतरत होता. एका फोटोतल्या मुंडावळ्या दुसऱ्याच्या पाठीला चिकटून आल्या, तोंड कुणाचंच राहिलं नाही. मी दारात उभा होतो. तिने मला जवळही बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

संध्याकाळी वडिलांना तिने सांगितलं, "पावसानं गेलं सगळं. मीच माळ्यावं ठेवलं व्हतं."

वडील भडकले. "एक वस्तू धड ठेवता येत नाय तुला! तिथं नांदता नाय आलं नि इथं फोटो सांभाळता नाय आले." ती मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मी ताटावर होतो. मी जेवत राहिलो. पोरगा लहान होता म्हणून कुणी मला माफ करील, पण तेरा वर्षांच्या पोराला बोलता येतं आणि मला तर जरा जास्तच बोलता यायचं.

लग्नाचा फोटोग्राफर नवऱ्याकडच्यांनी आणलेला होता. वडील त्याच्याकडे मुरबाडला जाऊन आले. निगेटिव्ह नाहीत म्हणाला. काही तारखा झाल्या, नवरा तेच बोलत राहिला, मग आत्याच म्हणाली, जाऊ द्या. ती आमच्याकडेच राहिली. भात लावला, कापला, पुढे गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या कामाला लागली. आल्बम तिने त्याच आठवड्यात माझ्या हातात दिला होता. "घे. आता तुझाच हाय." आणि मी तो घेतला. खणासकट घेतला.

नोकरी लागल्यावर, दोन हजार सालानंतर कधीतरी, मी मुंबईहून खास कार्डं ठेवायची फाइल आणली. जाड पुठ्ठ्याची, कड्यांची, एका पानात नऊ कप्पे, प्रत्येक अगदी कार्डाच्या मापाचा. रविवारी बायको माहेरी गेलेली पाहून जमिनीवर पसारा मांडला आणि जुन्या आल्बममधून एकेक कार्ड नव्या फाइलीत हलवू लागलो. पहिला कप्पा पुठ्ठ्याला चिकटलेला होता म्हणून तो शेवटी घेतला. लाडकं कार्ड ओढलं तर त्याच्याबरोबर मागचा जाड कागदही बाहेर आला. पांढरा. मी तो उलटा केला.

तो फोटो होता. पिशवीत भरायचा राहून गेलेला एक. कार्ड घसरू नये म्हणून मीच मागे घातलेला, आणि कार्ड पांढऱ्यावर उठून दिसावं म्हणून पाठ पुढे करून घातलेला. आत्या मान झुकवून उभी, आणि नवरा तिच्या गळ्यात हार घालतोय. दोघांची तोंडं स्वच्छ. कालच धुऊन आणल्यासारखे रंग.

चार महिने तो फोटो माझ्या बॅगेत होता. दर खेपेला गावी घेऊन जायचो आणि तसाच परत आणायचो. शेवटी एकदा, आत्या पडवीत वाल सोलत बसली होती, तिच्यापुढे ठेवला आणि कुठे सापडला ते भडाभडा सांगून टाकलं.

तिने पदराला हात पुसले आणि फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. "साडी कसली लाल हाय बघ," म्हणाली. मग तिचा हात थांबला.

"म्हंजी त्या दिशी वकिलाच्या टेबलावं व्हता हा."

मी मान हलवली. मला वाटलं, आता तरी बोलेल, वर्षानुवर्षांचं सगळं बाहेर काढेल. काढावं असं मला मनापासून वाटत होतं. तिने फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि पुन्हा एक शेंग उचलली.

"नि तुझं खेळाडू? त्यांना नाय ना काय झालं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

"नाय गो," मी म्हणालो. "त्यांना काय नाय झालं."