साडू आला त्या वर्षीचा मोहर

मी जळलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच साळसूद तोंड करून लिहायला नको. बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, पहिल्याच नाताळच्या सुट्टीत सासुरवाडीला, गोव्यातल्या लाटंबार्शाला, आला. त्या आठ दिवसांत मी जेवढा जळलो तेवढा उभ्या जन्मात कुणावर जळलो नव्हतो.

त्याआधी अकरा वर्षं त्या घरात जावई एकच होता, आणि तो मी. वास्कोत बंदराजवळच्या एका कचेरीत मी कारकून आहे. शाळेला नाताळची सुट्टी पडली की बायकोला आणि मुलीला घेऊन, तीन बस बदलत, सासऱ्यांचं घर गाठायचं आणि नवं वर्ष तिथेच सुरू करून परतायचं हा आमचा नेम. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. त्यांना दोन मुलीच. थोडी भातशेती, आणि घरामागे डोंगराच्या उतारावर काजूची झाडं.

तिथला माझा थाट काय विचारता! सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजला की गरम उंडे पाव आधी माझ्या बशीत. बाजारातून चोणक मासा आला की त्याचं डोकं मला. ओसरीवरची हातांची खुर्ची माझी. मी नसलो तर तिच्यावर मांजर बसायचं, पण माणूस बसायचं नाही. मामा माझ्याहून पंचवीस-तीस वर्षांनी मोठे, तरी मला ‘तुमी’ म्हणायचे.

पण हे सगळं मी एखाद्या वेळी सोडलंही असतं. माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत.

एक जानेवारीला सकाळचा चहा झाला की मामा कमरेला कोयती लावायचे आणि म्हणायचे, “चला जांवयबापू, मोहर पळोवया.” मग मोहर बघायला आम्ही दोघंच डोंगर चढायचो. पाडवा चैत्रात यायचा तेव्हा येईल, मामांचं नवं वर्ष काजूच्या मोहरावर सुरू व्हायचं. त्या दिवसांत मोहर कसा फुटलाय त्यावर त्यांचं पुढचं सगळं ठरायचं. फवारणी करायची की नाही, बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला माणसं किती सांगून ठेवायची, घराची कौलं परतायची की आणखी एक पावसाळा ढकलायचा. मामा एकेका झाडाखाली थांबायचे, बुंध्यावर हात ठेवायचे आणि मला विचारायचे, “कसो आसा?”

आता मी वास्कोच्या दोन खोल्यांत वाढलेला. काजू मला माहीत तो पाकिटातला. मोहर म्हणजे पानांच्या शेंड्याला काहीतरी तुरा असतो एवढीच माझी अक्कल. पण मान वर करून, डोळे बारीक करून, जाणत्यासारखं थोडं थांबून मी म्हणायचो, “बरो आसा, मामा.” मामा “हं” करायचे. पुढचं झाड. “कसो आसा?” “हो खूब बरो.” कधी सगळंच बरं म्हटलं तर खोटं वाटेल म्हणून मधल्या एखाद्या झाडाला मी “मध्यम” म्हणायचो.

तुम्ही हसाल. पण माझं ऐका. कचेरीत माझं मत कुणी घेत नाही, साहेब तर माझ्या टेबलावर वाकून पलीकडच्याला विचारतो. घरी भाजी कुठली आणायची तेही बायको ठरवते. वडील मी आठवीत असताना गेले, तेव्हा वडीलधाऱ्या माणसाने काही विचारावं आणि आपण सांगावं ही चैन मला ठाऊकच नव्हती. वर्षातून एकदा, वर्षाच्या पहिल्या सकाळी, एक म्हातारा माणूस डोंगरावर उभा राहून मला विचारत होता, आणि मी सांगितलेलं मानत होता. त्या एका सकाळीवर माझं अख्खं वर्ष निघायचं.

आणि मग हा आला.

कोल्हापूरकडचा, ऊसवाल्याचा मुलगा, डिचोलीच्या एका कारखान्यात नोकरीला. मोटारसायकलवरून उतरला, चुलतभावाच्या घरी आल्यासारखा सरळ विहिरीवर गेला आणि पाय धुऊन स्वयंपाकघरात शिरला. मामीला म्हणाला, “मामी, मला काट्याची लई भीती वाटती, मासे नगं.” मी मनात म्हटलं, चला, चोणकाचं डोकं तरी वाचलं. कुठचं काय! मामीने त्या दिवसापासून मासळीच बंद केली. त्याच्यासाठी मटण. त्याला जसं लागतं तसं, तिखटजाळ, लाल तर्रीचं. अकरा वर्षांत त्या घरात नाताळच्या सुट्टीत मटण शिजलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मुकाट्याने खाल्लं आणि दोनदा पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीचा पंप बंद पडला तो त्याने दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी मामा त्याला म्हणाले, “आरे, ती शिडी हाड मरे हांगा.” मी खुर्चीत बसलो होतो, तिथे मला ते ऐकू आलं. आरे! मला अकरा वर्षं ‘तुमी’, आणि ह्याला तीन दिवसांत ‘आरे’. शिडी मला कुणी कधी आणायला सांगितली नव्हती. साधी विळी इकडची तिकडे करायला सांगितली नव्हती, आणि त्यालाच मी मान समजत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मान पाहुण्याला देतात, शिडी घरच्याला आणायला सांगतात.

“पोटात दुखतंय का?” बायकोने विचारलं.

“नाही. का?”

“नाही, चेहरा तसा दिसतोय. ओवा देऊ?”

बायको त्या बाबतीत फार दुष्ट आहे.

एकतीस तारखेला संध्याकाळी गावातली मुलं रस्त्यावर गवताचा म्हातारा करून बसवतात, सरत्या वर्षाचा. आमच्या मुलीनेही अंगणात करायला घेतला. माझी जुनी कचेरीची पॅन्ट तिने परस्पर लांबवली होती. गवत भरलं, पण म्हातारा काही केल्या उभा राहीना, कमरेत मोडायचा. साडूने मधून एक बांबू घातला, सुतळीने आवळला, डोक्याला मडकं लावलं, आणि म्हातारा ताठ उभा राहिला. मुलीने टाळ्या वाजवल्या. मामी, मेव्हणी, बायको सगळ्या ओसरीवर येऊन हसल्या. पॅन्ट माझी आणि टाळ्या त्याला. मेव्हणी म्हणाली, “भावजी, अगदी तुमच्यासारखाच दिसतोय हां.” मी हसलो. हसावंच लागतं.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःची समजूत काढत होतो. पंप त्याचा, शिडी त्याची, मटण त्याचं. घे बाबा. उद्या सकाळी डोंगर माझा.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून तयार. बूटसुद्धा घातले. मामांनी चहा संपवला, कोयती कमरेला लावली, आणि अंगणात उभ्या असलेल्या साडूला म्हणाले, “चल रे, मोहर पळोवया.” मग माझ्या दिशेने वळून, “तुमी बसा जांवयबापू. तुमकां खोकलो जाला न्हय.”

मला खोकला झाला होता, पण तो मटणाच्या ठसक्याचा. मी म्हणालो, “हो हो, जाऊन या तुम्ही.” खुर्चीत बसलो. बूट घालून खुर्चीत बसलेला माणूस किती मूर्ख दिसतो ते मांजराच्या नजरेवरूनही कळत होतं. मामीने उंडे आणून दिले, गरम होते, मला गिळवेनात. दोघं उतार चढताना दिसत होते. मामा पुढे, तो मागे. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की, एका क्षणी मला वाटलं, ह्या वर्षी मोहर येऊच नये. ज्या झाडांवर त्या घराचं पोट चालतं, त्या झाडांबद्दल मला असं वाटलं.

दोन तासांनी ते आले. मामा सरळ न्हाणीकडे गेले. साडूने मला खुणेने विहिरीकडे बोलावलं.

“दादा,” तो म्हणाला, “मामांना दिसत न्हाई.”

“काय दिसत नाही?”

“काईच धड दिसत न्हाई. मला इचारलं कसा हाय मोहर. मी म्हटलं, करपलाय की मामा, हे काय. आणि फांदी वाकवून त्यांच्या डोळ्यांम्होरं धरली. ते दुसरीकडंच बघत हुते. तुमाला म्हाईत असंल म्हणा. तुमी इतकी वर्सं जाताय.”

मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगतो, त्या वेळी मला मामांची दया आधी आली नाही. आधी आला तो राग, की हे ह्याला एका सकाळीत कळलं. त्यानंतर एकेक गोष्ट आठवायला लागली. बुंध्यावर हात ठेवणं. पावलं मोजल्यासारखं चालणं. आणि मागच्या वर्षी मी झाडामागून झाड “बरो आसा” म्हणत गेलो होतो, मामांनी फवारणी केली नव्हती, आणि बोंडू निम्मेसुद्धा उतरले नव्हते. “मळब धरिल्लें,” ढगांमुळे गेलं, असं तेव्हा मामा सगळ्यांना सांगत होते. मीही मान हलवून ढगांनाच शिव्या दिल्या होत्या.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मामा ओसरीच्या पायरीवर बसले होते. मी खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

“मामा, किती दिवस झाले?”

कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. “तीन वर्सां जातलीं. पयलीं एक दोळो, मागीर दुसरो.”

“मामींना?”

“खबर ना. सांगलें जाल्यार म्हाका डोंगरार धाडची ना ती.”

 मी सांगायचं नव्हतं ते सांगून टाकलं. “मला मोहरातलं काही कळत नाही, मामा. मी आपलं काहीबाही सांगायचो.”

“तें पयल्याच वर्सा कळिल्लें म्हाका.” मामा हसले. “तेन्ना दोळे बरे आशिल्ले. तुमी पालवीक मोहर म्हणटाले.”

“मग डोळे गेल्यावरही मलाच का नेत होता?”

मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. “दुसरो कोण आसलो जाल्यार घरांत येवन सांगलो आसतो, म्हाताऱ्याक दिसना म्हूण. तुमी झाडाकडेन पळयताले. म्हजेकडेन कोण पळयता? तुमकां कळचें ना, हें म्हाका खबर आशिल्लें.”

त्यांनी हे चांगल्या मनाने सांगितलं. त्यामुळे जास्तच लागलं. अकरा वर्षं मी ज्याला मान समजलो, त्यातली शेवटची तीन वर्षं तो माझ्या बावळटपणावरचा भरवसा होता.

“आणि ह्या वर्षी तुम्ही त्याला नेलंत.”

“औंदू खरें कळपाक जाय आशिल्लें,” मामा म्हणाले. खरं कळायला हवं होतं, एवढंच; मागच्या वर्षीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी आणि साडूने मिळून मामीला सांगितलं. मामीने आधी आम्हा दोघांना झापलं, मग मामांना. संक्रांत झाली की म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. साडू म्हणाला, मी गाडी बघतो. मी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावून रजा सांगितली, त्याने सांगायच्या आत.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतणार होतो. सकाळी चहा झाला आणि मीच म्हणालो, “मामा, चला. मोहर पळोवया.” ते जरा थांबले, मग कोयती न घेताच उठले.

पहिल्या झाडाखाली उभे राहून त्यांनी सवयीने विचारलं, “कसो आसा?”

मी घाई केली नाही. आदल्या रात्री मी साडूला, हो, त्याच साडूला, कण्हत कुंथत विचारून घेतलं होतं की करपलेला मोहर दिसतो कसा. फांदी खाली ओढून मी तुरे हातात घेतले. काही गुलाबी-पांढरे होते. बाकीच्यांची टोकं काळी पडली होती आणि बोटाने चोळली की भुगा होत होता. अकरा वर्षांत मी मोहराला हात लावला नव्हता.

“निम्मा गेलाय, मामा,” मी म्हणालो. “वरचा चांगला आहे. खालच्या फांद्यांचा करपलाय. लगेच फवारलं तर राहिलेला वाचेल.”

बोललो आणि शाळेत उत्तर दिल्यावर उभं राहतात तसा उभा राहिलो.

“हं,” मामा म्हणाले. “काल त्याणेंय हेंच सांगलें.”

सगळी झाडं बघायला आम्हाला दीड तास लागला. एकदाही मी “बरो आसा” म्हटलं नाही, म्हणजे जिथे होता तिथेच म्हटलं. परतताना उतार लागला. इतकी वर्षं मामा उतारावर माझ्या पुढे असायचे, मला वाटायचं वाट दाखवतात. त्या दिवशी ते मागे राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला घट्ट, आणि घर येईपर्यंत काढला नाही. मी इतका हळू चाललो की मुलगी अंगणातून हाका मारायला लागली.

आदल्या दिवशी उतरताना त्यांनी साडूचा खांदा धरला होता का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.