व्हर्नाची वाकडी रायफल

डेलमार केसिंजरचा हात ज्या वस्तूला लागला ती नीट झालीच म्हणून समजा. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या आमच्या गावात काचेचा कारखाना चालू होता तोवर तो तिथे फिटर होता. कारखाना बंद पडला, पण याचे हात काही बंद पडले नाहीत. कुणाचा पंप अडला, कुणाचं दार घासायला लागलं, की बोलवा डेलमारला. बोलवलं नाही तरी येणार! त्याची बायको व्हर्ना म्हणायची, "याला स्वर्गात घेतलंच तर पहिल्याच दिवशी फाटकाच्या बिजागऱ्या काढून बसेल. देवाला म्हणेल, जरा सरक, उजेड येऊ दे."

व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरांसाठी आमच्याकडची पावासारखी मऊ बिस्किटं भाजायची, वर ग्रेव्ही ओतायची, आणि शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जायची. तरुणपणी तिने सैन्याच्या भंगारातली जुनी रायफल मागवली होती. एका दाबणीला एक गोळी सुटणारी, आठ गोळ्या संपल्या की रिकामी क्लिप टिंग करून बाहेर फेकणारी. पोस्टमनने खोकं दारात ठेवलं तेव्हा गावातले बाप्ये हसले होते. "बाई, झारा धरायचा हात तो, हे लोढणं कसं पेलायचा?" त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सामन्यात तिने त्या सगळ्यांना धूळ चारली. पुढे कित्येक वर्षं तेच. मग हसणारे तिच्या हातची बिस्किटं खायला मात्र हजर.

आणि अशी बाई विसरायला लागली. आधी मीठ विसरली, मग गॅस. मग एकदा तिची मुलगी जॉयस कोलंबसहून आली, तर तिला म्हणाली, "बस हं, माझी मुलगी येतेय, तुझी ओळख करून देते." जॉयस न्हाणीघरात जाऊन रडली. डेलमारला मात्र ती अजून ओळखत होती. कधी उशिरा, पण ओळखायची. त्या एका धाग्यावर तो माणूस जगत होता.

दुसरा धागा ती रायफल. घरात भांबावून फिरणारी व्हर्ना क्लबात पोट टेकून झोपली, दस्ता गालाला लागला, की बाई जागेवर यायची. श्वास सोडायची, थांबायची, दाबायची. तेवढा वेळ ती जुनीच व्हर्ना असायची.

पण होबार्ट, म्हणजे क्लबात मैदान सांभाळणारा, त्याने उन्हाळ्यातच सांगून टाकलं. "हे बघ डेलमार, ऑक्टोबरचा सामना तिला खेळू देतो. तू शेजारी बस, एकेक गोळी तू भर. पण हा शेवटचा. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" त्याचंही चुकलं नव्हतं. जॉयसही मागे लागली होती, "डॅडी, बंदुका विकून टाक, ममाला चांगल्या ठिकाणी ठेवू. तू एकटा किती करशील?" डेलमारचं एकच उत्तर, "सामना होऊ दे." त्याला तेवढा एक दिवस हवा होता. बायको पुरी, अख्खी, एक दिवसभर. मग काय व्हायचं ते होवो.

आता ऐका, माशी कुठे शिंकली ते. आमच्याकडे एकाची रायफल दुसरा हाताळत नाही. रायफल आणि दातांचा ब्रश उसना देत नाहीत, अशी म्हणच आहे. नवरा असला म्हणून काय झालं! इतक्या वर्षांच्या संसारात डेलमारने बायकोच्या रायफलीतून एक गोळी झाडली नव्हती. सप्टेंबरात एकदा सरावात व्हर्ना दमली, बाकावर जाऊन बसली, आणि नळी थंड झाल्यावर उरलेल्या गोळ्या याने झाडल्या. पाहतो तर काय, पहिल्या दोन काळ्या गोलाच्या मध्यावर, आणि नळी तापली तशा बाकीच्या वर, उजवीकडे सरकत गेलेल्या. शेवटची तर गोलाच्या बाहेरच.

"अगं, ही तर वाकडी मारते!" तो म्हणाला.

व्हर्ना बाकावरून म्हणाली, "मारते की. तूही घोरतोस, मी काही बोलते का?"

तो हसला. आणि बाबांनो, तिथेच त्याने एक प्रश्न विचारायला हवा होता: असली वाकडी रायफल घेऊन हिने इतकी वर्षं सगळ्यांना हरवलं ते कसं? नाही विचारला. फिटर माणूस! वाकडं दिसलं की हात शिवशिवणार. त्याला वाटलं, हिचे हात आता थकले, निदान बंदूक तरी सरळ असू दे. तिला काही कळू न देता करायचं, म्हणजे सामन्याच्या दिवशी खूश होईल.

मागच्या शेडमध्ये त्याने ती उघडली. दस्त्याचं लाकूड एका बाजूने फुगून तापलेल्या नळीला रेटत होतं. ते त्याने कानशीने हळूहळू उतरवलं. नळीला लाकडाशी धरून ठेवणारं पुढचं ढिलं लोखंड घट्ट केलं. लोखंड लाकडात जिथे बसतं तिथे लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली, चिकटू नये म्हणून आधी बुटाचं पॉलिश फासलं. व्हर्ना दारात येऊन विचारायची, "काय करतोस रे?" तो म्हणायचा, "तुझी गंमत." "माझी कसली गंमत, म्हातारड्या!" म्हणून ती जायची आणि पुन्हा यायची, पुन्हा तेच विचारायची. त्याला तेही गोड लागायचं. त्या दिवसांत तो सुखी होता, खोटं कशाला सांगू. मग एकटाच जाऊन त्याने रायफल तपासली. सगळ्या गोळ्या एका बशीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. निशाणाचा कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येताना गाडीत शीळ घालत आला.

सामन्याला निम्मं गाव लोटलं होतं. व्हर्नाने जुनं कातडी जाकीट घातलं होतं. डेलमार शेजारी गुडघ्यावर, मागे होबार्ट दुर्बिणीला डोळा लावून. पहिली गोळी मध्यावर. दुसरीही. डेलमारचे डोळे भरून आले. तिसरी जरा खाली, डावीकडे. चौथी आणखी खाली. पाचवी आणखी डावीकडे.

"व्हर्ना, मध्यावर धर ना."

"मध्यावरच धरलंय! मला शिकवू नकोस."

सहावी गोलाच्या बाहेर. सातवी कागदाच्या कडेला.

होबार्टने दुर्बिणीवरून डोळा काढला. "हात हलत नाहीये तिचा," तो हळूच म्हणाला. "पायऱ्या उतरल्यासारख्या एका रांगेत जातायत. डेलमार, रायफलीला काही केलंस का?"

डेलमारला तेव्हा कळलं. रायफल तापली की वर उजवीकडे जाते, म्हणून ही बाई दर गोळीला केसभर खाली डावीकडे धरत आली होती. कुणाला सांगितलं नाही, स्वतःशीही बोलली नसेल. डोक्यातून मुलगीसुद्धा पुसली गेली, पण हे हातात शाबूत होतं. तिच्याजवळ उरलेलं तेवढंच होतं, आणि ते याने प्रेमाने कानशीने घासून टाकलं. करायला गेला गणपती आणि झालं माकड! नवीन शिकायला म्हणावं तर तिच्या डोक्यात आता काही टिकत नव्हतं.

"ही माझी नाही," व्हर्ना म्हणाली. तिने रायफल खाली ठेवली. "माझी आणा." मग ती रडायला लागली, भर मैदानात, तोंड न झाकता. लोकांनी माना फिरवल्या. सामना संपला तिचा. त्यानंतर तिने त्या रायफलीला बोट लावलं नाही.

होबार्टने बिचाऱ्याने विचारलं, "होती तशी करता येईल का रे?" डेलमार रोज शेडमध्ये बसला. होबार्टने मैदान रिकामं असताना तपासायची मुभा दिली होती. लाकडाच्या चिपा चिकटवून पाहिल्या, लांबी खरवडली, पुढचं लोखंड पुन्हा ढिलं केलं. जन्मभर वाकड्याचं सरळ केलेला माणूस, सरळाचं वाकडं त्याला जमेना. कधी डावीकडे जायची, कधी कुठेही. तिची ती एक ठराविक वाट काही सापडेना. जॉयसचे फोन यायचे, तो उचलायचा नाही. रायफल जमली तर बायको परत येईल, असं त्या वेड्याला वाटत होतं, आणि येणार नाही हेही त्याला माहीत होतं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, एका दुपारी व्हर्ना शेडच्या दारात आली. केस नीट विंचरलेले, हातात कॉफीचा कप. तिने कप त्याच्यापुढे ठेवला, पाहुण्याला ठेवतात तसा, अदबीने.

"अहो मिस्त्री," ती म्हणाली, "तुम्ही चांगले दिसता, म्हणून सांगते. राग मानू नका. ही माझी रायफल आहे. माझा नवरा येईपर्यंत हिला हात लावू नका. तो फिटर आहे, त्याला सगळं कळतं. येईलच एवढ्यात."

डेलमारने कानस खाली ठेवली.

"बरं बाई," तो म्हणाला. "थांबतो."

ती त्याच्या शेजारच्या खोक्यावर बसली, आणि दोघं रस्त्याकडे बघत त्याची वाट पाहत बसली.