बटव्यातलं फाउंटनपेन

शाईच्या गादीचा वास आला की कचेरीतली ती दुपार आठवते. नवरा बोटीवर गेला होता, आणि बागेच्या वाटणीच्या कागदावर माझा अंगठा उठवायला थोरल्या दिरांनी मला रत्नागिरीला आणलं होतं. उकाड्याने पोलकं पाठीला चिकटलेलं. कारकुनाने गादी पुढे सरकवली. "आधी वाचते," मी म्हटलं. दीर हसले, "तू रांगोळ्या काढ, कागदाचं आम्ही बघतो." तरी मी वाचला. आमची विहीर त्यांच्या वाट्याला घातली होती. नवऱ्याने एडनहून आणलेलं, अडकित्त्याहून लहान फाउंटनपेन माझ्या पानाच्या बटव्यात असायचं. पत्रं मी त्या पेनानेच लिहायचे, फावल्या वेळी मासे, फुलंही त्यानेच काढायचे. ते उघडलं आणि अंगठ्याच्या जागी आमची बाग काढली: बांधावरचा जांभ्या दगडांचा गडगा, आंब्याची सात कलमं, आणि गडग्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला, विहीर. खाली लिहिलं, 'वाचले. मान्य नाही.' आणि पूर्ण नावाने सही केली. "स्टँपाचा कागद फुकट घालवलास," दीर म्हणाले. म्हटलं, "दुसरा आणा भावोजी, विहीर जागेवर ठेवून." ते पेन आता गळतं, लिहिताना बोटं निळी होतात; पण अंगठा मी अजून कुठे उठवलेला नाही.